दोनशे कॅलरी कुठे गेल्या

मायनरच्या अर्जावर दोन सह्या लागत होत्या, एक आहारशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमची आणि एक पालकांची. मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

"व्यायामशास्त्र," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"आपल्या विभागात काही कमी पडलं का?"

"नाही मॅडम. माणूस काय खातो ते आपण शिकतो. खाल्लेलं पुढे कुठे जातं ते त्या बाजूला शिकवतात."

"त्या बाजूला," मॅडम म्हणाल्या, "उड्या मारायला शिकवतात."

दोन्ही विभाग एकाच मजल्यावर होते. जिन्याच्या डावीकडे वजनकाटे, भांडी आणि ओट्यांची रांग. उजवीकडे पळायचे पट्टे, सायकली आणि घामाचा वास. मध्ये पाण्याची टाकी होती आणि ती कोणी धुवायची यावरून दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार गेली अकरा वर्षं चालू होता. त्यापलीकडे दोन शास्त्रांचा एकमेकांशी संबंध आला नव्हता.

मॅडमनी सही केली. सहीखाली 'विद्यार्थिनीच्या आग्रहावरून' असं लिहिलं.

घरी आईने विचारलं, "मायनर म्हणजे?"

"मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय. कमी तासांचा."

"म्हणजे जोडधंदा."

"धंदा नाही गं, अभ्यास."

"मग एकात दोन कशाला? लोक म्हणतील, दोन दगडांवर पाय."

तिचे बाबा कापडावर खडूने रेघ मारत होते. रेघ संपेपर्यंत ते बोलत नसत. रेघ संपल्यावर म्हणाले, "दोन पाय आहेत तर दोन दगड लागणारच. आण इकडे." आणि ज्या पेनने ते मापं लिहीत त्याच पेनने त्यांनी सही केली.

बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणत असे, कारण ते शिंपी होते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान होतं. मुलीला ते छटाक म्हणत. ती जन्मली तेव्हा तिचं वजन इतकं कमी भरलं होतं की नर्सने आधी काटा तपासला आणि मग मुलगी. पुढे छटाक वाढली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, पण नाव काही वाढलं नाही. वजनमापांचंच शास्त्र तिने का निवडलं, असं कोणी विचारलं तर ती सांगे की प्रवेश त्यालाच मिळाला.

मास्तरांना सहा वर्षांपासून साखरेचा त्रास होता. पहिली पाच वर्षं ती साखर गरीब गाईसारखी होती. गोळी घ्यावी, गोड टाळावं, तीन महिन्यांची सरासरी सातावर उभी. गेल्या सव्वा वर्षात मात्र तिला काय झालं कोण जाणे. सातावरून साडेसात, साडेसातावरून आठ आणि आता साडेआठ. पहिला वाढलेला अहवाल आला त्याच दिवशी छटाकने आहारशास्त्राच्या पुस्तकाबरहुकूम बाबांचं ताट ताब्यात घेतलं आणि दिवसाला वाटीभर भात कमी केला. साखर वाढत राहिली. वजनही हललं नाही. अडुसष्ट होतं ते अडुसष्टच.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी अहवाल उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चार महिने देतो. आठाच्या खाली आली नाही तर इंजेक्शन. रोज."

"रोज?" मास्तरांनी विचारलं.

"रोज. घरीच टोचून घ्यायचं. तुम्हाला काय मास्तर, सुईची सवय आहे."

मास्तर हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांचं पोट सुईवर चाललं होतं, पण सुई हातात असणं वेगळं आणि अंगात जाणं वेगळं. छटाकला लहानपणी लस टोचायला नेलं तेव्हा छटाक रडली नाही. मास्तर मात्र डोळे फिरून खाली बसले आणि नर्सला आधी त्यांना पाणी द्यावं लागलं. रक्त तपासायचं असलं की आदल्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद होई. वर्षातून चार दिवस ते निभावून नेत. तीनशे पासष्ट दिवसांचा विचार त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर उभ्याने केला आणि मग मुलीला म्हणाले, "छटाक, तुझ्या शास्त्रात काही असलं तर बघ."

आयुष्यात त्यांनी मुलीकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्याआधी एकदा न मागता मिळाली होती. दीड वर्षापूर्वी छटाकच्या 'घरगुती आहाराचे नियोजन' या निबंधाला कॉलेजचं बक्षीस मिळालं आणि त्यातून तिने बाबांच्या मशीनला मोटर बसवून दिली. तेव्हापासून मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेताना म्हणत, "छाती छत्तीस. मोटर मुलीने दिलीय. कंबर बत्तीस."

तर, मायनर. त्या बाजूचे सर गळ्यात शिट्टी अडकवून फिरत म्हणून त्यांना शिट्टी सर म्हणत. शिट्टी वाजलेली कोणी ऐकली नव्हती. त्यांनी सत्राचं प्रात्यक्षिक सांगितलं: एक माणूस निवडायचा. सात दिवस त्याच्या पोटात किती ऊर्जा गेली आणि त्याने किती खर्च केली, दोन्ही लिहायचं. वजन तेवढंच राहिलं असेल तर दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

"आणि नाही जुळले तर, सर?" कोणीतरी विचारलं.

"तर नियम खोटा नाही. तुम्ही खोटे, किंवा तो माणूस."

छटाकने बाबांना निवडलं. आत जाणाऱ्या ऊर्जेची वही सव्वा वर्षं तयारच होती. बाहेर जाणारीची तेवढी उघडायची होती. शिवाय साखर का वाढते हे कळायला दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता.

सोमवारी सकाळी तिने ओट्यावर काटा ठेवला. आईने काट्याकडे पाहिलं.

"माझ्या हाताला माप आहे."

"माहितेय आई. पण वहीत हात लिहिता येत नाही. एकशेवीस ग्रॅम भात हवाय."

आईने पातेल्यातून एक डाव भात घेतला, डाव किंचित कलता केला, चार शितं परत पाडली आणि ताटलीत घातला. काट्यावर एकशे एकवीस आले.

"तुझा काटा एक ग्रॅम पुढे आहे," आई म्हणाली.

बाहेरची वही मास्तरांनी स्वतः लिहायची होती, दर अर्ध्या तासाला काय केलं ते. त्यांनी ती फार मन लावून लिहिली. 'नऊ ते साडेनऊ: शिवण. साडेनऊ ते दहा: शिवण. दहा ते साडेदहा: गिऱ्हाइकाशी वाद (उभ्याने). साडेदहा ते अकरा: तोच वाद (बसून). अकरा ते साडेअकरा: शिवण.' सात दिवसांत अठ्ठावीस पानं झाली. छटाकने प्रत्येक कामापुढे तक्त्यातला आकडा लिहिला. हे काम करताना माणूस स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा खर्च करतो, याचा तो तक्ता. मग गुणाकार, मग बेरीज.

आत गेल्या रोज एकोणीसशे ऐंशी कॅलरी. बाहेर गेल्या रोज एकवीसशे ऐंशी. वजन अडुसष्ट, पहिल्या दिवशीही आणि सातव्या दिवशीही.

तिने बेरीज पुन्हा केली. दोनशेचा फरक जागचा हलला नाही. जो माणूस रोज दोनशे कमी खातो तो हळूहळू वाळतो. बाबा वाळत नव्हते. म्हणजे बाबा रोज दोनशे कॅलरी कुठून तरी खात होते आणि त्या वहीत येत नव्हत्या. साखर का वाढते याचंही उत्तर आपसूक मिळालं. छटाकला आनंद झाला, आणि आनंदात माणूस जे करतो तेच तिने केलं. पुढचा विचार करायचं थांबवलं.

आधी तिने दुकान तपासलं, बाबा आंघोळीला गेले असताना, यादी करून. पहिल्या खणात बटणं, बॉबिन, खडू. दुसऱ्यात टेप, मोडक्या सुयांची डबी, खोकल्याची एक गोळी (दहा कॅलरी). तिसऱ्यात चामड्याचा एक जुना पट्टा, नीट गुंडाळलेला, तेल लावलेला. त्याच्यापुढे तिने 'अखाद्य' लिहिलं आणि खण बंद केला.

मग घरात एकच जागा उरली. तिने वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नोंद न झालेला आहार, रोज २०० कॅलरी. संभाव्य स्रोत: आई.' आणि वही जेवणाच्या टेबलावर विसरून कॉलेजात गेली.

संध्याकाळी आई वहीसमोर बसलेली होती.

"स्रोत म्हणजे?"

"आई, ते तसं नाही."

"म्हणजे झरा, उगम असंच ना? मी शाळेत शिकलेय. मी उगम आहे."

"अगं, हे शास्त्र आहे. सगळ्याच घरांत होतं. प्रेमापोटी बायका नवऱ्याला चार घास जास्त वाढतात, पुस्तकात दिलंय."

"कुठल्या बाईला विचारून दिलंय?"

"सर्वेक्षण असतं."

"तुझ्या बाबांना त्या सुईची धास्ती आहे म्हणून सव्वा वर्ष मीपण त्यांच्यासोबत अर्धाच भात खातेय. त्यांना एकट्याला कमी वाटू नये म्हणून. ते आलं का सर्वेक्षणात?"

ते आलं नव्हतं. वहीतही आलं नव्हतं. छटाकने आईच्या मनगटांकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आईचं वजन कोणी कधी केलंच नव्हतं.

"अहो," आईने दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "मी तुम्हाला चोरून काय देते?"

"टोमणे," मास्तर आतून म्हणाले.

"त्याच्या कॅलरी लिही," आईने मुलीला सांगितलं. मग उठली, भिंतीवरच्या खुंटीवरून डाव काढला आणि तिच्या हातात दिला. "हा घे. उद्यापासून यांचा स्वयंपाक तू करायचास, ताट तू वाढायचंस. मी यांच्या पानाला हात लावणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर निदान संन्याशाला आधी सुट्टी तरी द्या."

दुसरा आठवडा छटाकने एकटीने चालवला. सकाळचं अंडं तिने उकडलं, दुपारचा डबा तिने भरला, दुकानात बाबांच्या समोर बसून तिने तो संपलेला पाहिला. मास्तर संकोचून एकेक घास खात, जणू परीक्षक समोर बसलाय. आई शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचे. तिने ते आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

आठवड्याच्या शेवटी आत एकोणीसशे सत्तर आणि बाहेर एकवीसशे पंच्याहत्तर निघाले. वजन अडुसष्ट.

संशयितांच्या यादीत आता एकच नाव राहिलं होतं आणि ते वही लिहिणारीचं होतं.

ती वही घेऊन आधी मॅडमकडे गेली. मॅडमनी भाताचं पान पाहून मान डोलावली आणि म्हणाल्या, "आपली बाजू चोख आहे. त्या बाजूचं काहीतरी बिघडलं असेल." मग ती पाण्याची टाकी ओलांडून त्या बाजूला गेली. शिट्टी सरांनी भाताचं पान उलटलं आणि अठ्ठावीस पानं शेवटपर्यंत वाचली. 'तोच वाद (बसून)' इथे ते थोडे थांबले.

"शिवण," ते म्हणाले. "कसली शिवण?"

"शर्ट, पँट. कधी उशांचे अभ्रे."

"ते नाही. तक्त्यात शिवणकामाच्या तीन ओळी आहेत. हाताने, विजेच्या मशीनवर आणि पायाच्या मशीनवर. तू कुठली घेतलीस?"

"पायाच्या मशीनची."

"वडील पायाने चालवतात?"

"हो," छटाक म्हणाली आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

लहानपणी ती त्या मशीनच्या आवाजावर झोपत असे. टेबलाखाली बसून तिने पाढे पाठ केले ते बाबांच्या पायांच्या तालावर. सतराचा पाढा त्यामुळे तिला अजूनही बसून म्हणता येई, उभ्याने येत नसे. बाबा शिवतात म्हणजे बाबांचे पाय हलतात, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की तक्त्यात ओळ शोधताना तिने पाहिलंच नव्हतं. बोट आपलं आपण तिथे जाऊन थांबलं होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "मोटर आहे."

"केव्हापासून?"

"दीड वर्ष."

"आणि साखर केव्हापासून वाढली म्हणालीस?"

"सव्वा वर्ष."

"मोटर कोणी बसवली?"

छटाक बाहेर जाऊन टाकीचं पाणी पिऊन आली. पाण्याला नेहमीसारखाच वास होता. सरांनी तेवढ्यात दुसऱ्या ओळीचा आकडा घालून गुणाकार करून ठेवला होता. बाहेर जाणाऱ्या कॅलरी एकोणीसशे नव्वद निघत होत्या. आत एकोणीसशे ऐंशी. दहाचा फरक. एवढी खोकल्याची एक गोळी असते.

"इतकं जुळलेलं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "ताट कोणी मोजलं होतं?"

"आईने."

"त्यांना सांग, मोजमाप उत्तम आहे."

"सांगते सर," ती म्हणाली. हे सांगणं सोपं जाणार नाही, याचा अंदाज तिला होता.

"पण तक्ता हा सरासरी माणसाचा," सर पुढे म्हणाले. "सरासरी माणूस चाळीस वर्षं शिवत नाही. वडिलांना घेऊन ये. मशीनसकट."

गुरुवारी मशीन हातगाडीवरून आलं आणि चौघांनी ते जिना चढवलं. मास्तर धुतलेला शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन मागून आले. सरांनी समजावलं: तोंडावर मुखवटा बसवायचा, त्याची नळी यंत्राला, श्वासावरून यंत्र सांगणार किती ऊर्जा खर्च होते ते. आधी वीस मिनिटं मोटरवर, मग वीस मिनिटं पायावर. बोलायचं नाही.

"सुई आहे का कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"फक्त तुमच्या मशीनमध्ये."

मास्तर निर्धास्त झाले आणि स्टुलावर बसले. "कापड?"

"कापड नको," सर म्हणाले. "नुसतं चालवा."

मास्तरांनी छटाककडे पाहिलं, या माणसाला घरचं कोणी काही शिकवलं नाही का, अशा नजरेने. "रिकामं मशीन चालवायचं नसतं साहेब. धागा गुंततो, दाते झिजतात. रिकामं मशीन फक्त शिकाऊ पोरं चालवतात, ती पण मार खाईपर्यंत."

"मग काय शिवणार?"

मास्तरांनी खोलीवर नजर फिरवली. खिडक्यांचे सहा पडदे खाली उसवून लोंबत होते. विभाग उघडला तेव्हापासून ते तसेच होते. "ते काढा," मास्तर म्हणाले.

पहिली वीस मिनिटं मोटर घरघरली आणि दोन पडदे झाले. मुखवट्यामुळे बाबांचे फक्त डोळे आणि भुवया दिसत होत्या. भुवया स्थिर होत्या. यंत्राने दर मिनिटाचा आकडा छापला. स्वस्थ बसण्याच्या दीडपट.

"आता पायावर," सर म्हणाले. "पण त्याला पट्टा लागेल ना? तो कुठून आणायचा?"

मास्तरांनी कापडी पिशवीत हात घातला आणि चामड्याचा पट्टा काढला, गुंडाळलेला, तेल लावलेला. तिसऱ्या खणातला. अखाद्य.

"बाबा, हा तुम्ही जपून ठेवलात?"

मास्तर मुखवट्यातून काहीतरी म्हणाले. यंत्राने ते ऊर्जा म्हणून नोंदवलं.

पट्टा चाकावर चढला. मास्तरांनी दोन्ही पाय खालच्या पट्टीवर ठेवले, हाताने चाकाला एक झोका दिला आणि तो जुना आवाज खोलीभर सुरू झाला. छटाकच्या डोक्यात सतराचा पाढा आपोआप चालू झाला, संपला की पुन्हा पहिल्यापासून. भुवया वर गेल्या, खाली आल्या, आणि मग एका लयीत राहिल्या. कितव्या तरी फेरीच्या एकशे एकोणीसला पहिला पडदा संपला, आणखी कितव्या तरी फेरीच्या एकशे सत्तरला दुसरा. वीस मिनिटांत दोनच पडदे झाले, पण कडा पट्टीने आखल्यासारख्या. आकडा आला अडीचपट. वेळ संपल्याचं सांगितलं तरी मास्तर थांबेनात, तेव्हा सरांनी शिट्टी वाजवली. ती वाजते हे विभागाला त्या दिवशी कळलं.

छटाकने तिथेच उभ्याने हिशेब केला. वजन अडुसष्ट, दिवसाला खरी शिवण तीन तास. फरक रोज दोनशेच्या थोडा वर. सव्वा वर्षापूर्वी तिने ताटातून काढलेला वाटीभर भातही दोनशेचाच होता. म्हणजे तिने एका हाताने ताटातून जेवढं काढलं होतं, तेवढंच दुसऱ्या हाताने पायांतून काढलं होतं. वजन कुठे जाणार? जिथल्या तिथे.

"मग साखर का वाढली सर? भात तर कमीच होता."

"मांड्या-पोटऱ्या म्हणजे साखरेचं मोठं गिऱ्हाईक," सर म्हणाले. ते मास्तरांकडे बघून बोलत होते. "ते रोज न सांगता येऊन माल उचलत होतं. त्याचं येणं थांबलं. माल दुकानात पडून राहणारच."

मास्तरांना हे लगेच पटलं. त्यांचंही एक गिऱ्हाईक असं तुटलं होतं.

परत येताना हातगाडी पुढे आणि बापलेक मागे चालत होते.

"बाबा, मोटर काढायची."

"का? बिघडली?"

"नाही. चांगली चालते. म्हणूनच."

मास्तरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "सुई टळेल?"

"खात्रीने नाही सांगता येणार. पण भात कमी केल्यापेक्षा याचा भरवसा जास्त आहे."

"तू बक्षिसातून दिली होतीस."

"हो."

"लोकांना सांगितलंय मी. छत्तीस छातीवाल्यांना, अडतीसवाल्यांना, सगळ्यांना."

"मग दीड वर्षात एकदाही बोलला नाहीत का? पट्ट्याला तेल लावत बसलात."

"काय बोलायचं? पोरीने हौसेने पायांना आराम दिला. पहिले दोन महिने पाय आपले आपण हलायचे आणि हलले की पायाखालचं बटण दाबलं जाऊन मोटर उधळायची. एका साहेबांच्या पँटला त्यात तीन खिसे झाले. मग मी खाली विटा रचल्या. पाय जागेवर राहावेत म्हणून."

विटा छटाकने दुकान तपासताना पाहिल्या होत्या. त्यांच्यापुढेही तिने 'अखाद्य' लिहिलं होतं.

मोटर त्याच दिवशी निघाली. मास्तरांनी तिच्यासाठी उरलेल्या कापडाची खोळ शिवली, कडेला पायपिनची गोट लावली आणि ती दर्शनी फळीवर ठेवली. आता ते माप घेताना म्हणत, "छाती छत्तीस. ती मोटर मुलीने दिली होती. कंबर बत्तीस. बंदही तिनेच केली. शिकलेली आहे." कामाला उशीर होई. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की ते म्हणत, "शर्ट तुमचा, औषध माझं. परवा या."

आईचं काय करायचं ते मात्र पुस्तकात नव्हतं. छटाकने त्याच संध्याकाळी सांगितलं, "आई, माझं चुकलं. ओळ मी चुकीची घेतली होती. सर म्हणाले तुझं मोजमाप उत्तम आहे."

आई भाजी निवडत होती. "तोंडी नको. संशय वहीत घेतलास, चूकही वहीतच मान्य कर."

"वही आता सरांकडे जाईल. सत्र संपेपर्यंत मिळायची नाही."

"मी कुठे जातेय? वर्तमानपत्र रोज येतं."

साडेतीन महिने डाव छटाककडे राहिला. या काळात तिला कळलं की एकशेवीस ग्रॅम भात काट्याशिवाय वाढता येत नाही. तिला तरी नाही. एकशे चाळीस होई, नाहीतर पंच्याण्णव. आई वर्तमानपत्राच्या वरून बघे आणि पान उलटे. दुसऱ्याच दिवशी छटाकने काट्यावर आईचंही ताट ठेवलं आणि त्यात पूर्ण भात वाढला. आईने तो पाहिला, संपवला, आणि ताट धुताना म्हणाली, "भात जरा कच्चा होता." बांगड्या महिन्याभरात मनगटावर परत आल्या.

चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मास्तर आदल्या दिवसापासून गप्प झाले, भिंतीकडे तोंड करून रक्त दिलं, आणि दोन दिवसांनी तिघंही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी अहवाल वाचला. या वेळी उलटा ठेवला नाही.

"सात पूर्णांक दोन," ते म्हणाले. "गोळ्या लागू पडल्या."

गोळ्या सहा वर्षं त्याच होत्या.

"म्हणजे सुई?" मास्तरांनी विचारलं.

"सध्या नाही. असंच चालू ठेवा. काय करता हो हल्ली, फिरायला जाता?"

"बसून असतो," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात वही तपासून आली. कॉलेजात मॅडम म्हणाल्या, शेवटी आहारच कामाला आला. शिट्टी सर म्हणाले, शेवटी पायच. दोघंही टाकीजवळ उभे होते. उजवीकडचे सहाही पडदे सरळ लोंबत होते. शेवटचे दोन मास्तरांनी पुढच्या गुरुवारी येऊन, मुखवट्याशिवाय, पायावर पुरे केले होते.

छटाकने घरी येऊन वही टेबलावर ठेवली. या वेळी विसरून नाही, शेवटचं पान उघडून. 'चुकीची संभाव्य कारणे' या मथळ्याखाली लिहिलं होतं: 'एक. तक्त्यातील ओळ निवडताना विद्यार्थिनीने प्रत्यक्ष पाहिले नाही, आठवणीवर विसंबली. दोन. विद्यार्थिनीने आईवर संशय घेतला. तो निराधार होता. या प्रयोगात अचूक साधन एकच होते, ते म्हणजे आईचा हात.' दुसऱ्या मुद्द्याभोवती सरांनी लाल गोल काढून बाजूला लिहिलं होतं: 'प्रात्यक्षिकासाठी आवश्यक नाही. राहू द्या.'

आईने पान दोनदा वाचलं. पदराला हात पुसले आणि तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर तोच होता.

"तारीख घाल," ती म्हणाली.

छटाकने तारीख घातली.

आईने खुंटीवरचा डाव काढला. पातेल्यातून भात घेतला, डाव किंचित कलता केला, मास्तरांच्या ताटलीत घातला आणि ताटली स्वतःच उचलून काट्यावर ठेवली. एकशे एकवीस आले. तिने वाकून पाहिलं, दोन बोटांनी काही शितं उचलली, पुन्हा पाहिलं, आणि आकडा एकशेवीसवर आल्यावर ती शितं मुलीच्या ताटात टाकली.

"उगाच संशय नको," ती म्हणाली.